डेक्टिन-१ वर अर्क टाकताय? या चुका टाळा

डेक्टिन-१ म्हणजे प्रतिकारक पेशींवरचा, बुरशीतल्या बीटा-ग्लुकॅनला (साखरेच्या साखळीला) ओळखणारा रिसेप्टर. धिंगरी मशरूमचा अर्क मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशींवर) टाकला, टीएनएफ (पेशींचा दाहाचा संदेश-रेणू) असं काही उसळलं की मी त्याच रात्री सरांना मेसेज टाकून मोकळा, "सर, डेक्टिन-१ लागला!" लागलं कसलं, अर्कात एंडोटॉक्सिन होतं. म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातलं एलपीएस, ते टीएलआर-४ या वेगळ्याच रिसेप्टरवर बसतं, त्याचा डेक्टिनशी काडीचा संबंध नाही. दोन महिने पाण्यात.

"ऑटोक्लेव्ह केलंय की" हे कारण सांगूच नका. एलपीएस ऑटोक्लेव्हला दाद देत नाही, काचेची भांडी २५० अंशावर अर्धा तास भाजावी लागतात, आणि अर्क काय भाजता येत नाही. म्हणून शेजारच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) एलपीएसला निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून बघा, सिग्नल पडला तर तो एलपीएसचाच होता हे समजून जा. डेक्टिन-१ नसलेल्या पेशी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. यातही एक गंमत आहे, एंडोटॉक्सिन मोजायची साधी एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅबच्या रक्तातून बनते आणि त्यातला फॅक्टर जी हा घटक बीटा-ग्लुकॅनवरही पेटतो, म्हणजे तुमचा स्वतःचा ग्लुकॅनच तुम्ही भेसळ म्हणून मोजत बसता! ग्लुकॅन ब्लॉक करणारा बफर घ्या नाहीतर रिकॉम्बिनंट फॅक्टर सी (फक्त एंडोटॉक्सिनवर पेटणारी टेस्ट) वापरा.

आता माझी दुसरी चूक, ही जास्त लागते. एंडोटॉक्सिनने पोळलो होतो म्हणून पुढचा अर्क शहाणपणाने ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला. गढूळ द्रावण छान नितळ झालं आणि सिग्नल गायब. कारण डेक्टिन-१ ला कण लागतो. विरघळलेला ग्लुकॅन चिकटतो पण पेशी बहुतेक वेळा ढिम्म, कण असला की पेशी त्याला बिलगते, सीडी४५ आणि सीडी१४८ हे सिग्नल दाबून ठेवणारे फॉस्फेटेज त्या जागेवरून बाजूला सरकतात आणि मग सिग्नल सुरू होतो, हे २०११ साली दाखवलं गेलंय. म्हणजे बायंडिंग दिसलं म्हणून ॲक्टिव्हेशन लिहून टाकू नका. कर्डलान (बॅक्टेरियातून मिळणारं बीटा-ग्लुकॅन) तर पाण्यात विरघळतच नाही, ट्यूबच्या तळाला बसतं, प्रत्येक वेलआधी व्होर्टेक्स केलं नाही तर पहिल्या आणि शेवटच्या वेलचे आकडे जुळायचे नाहीत.

झायमोसॅन (यीस्टच्या पेशीभित्तीचे कण) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून घेताय? ते टीएलआर-२ हा दुसरा रिसेप्टर पण चालू करतं. गरम अल्कलीने धुतलेलं डिप्लिटेड झायमोसॅन घ्या. लॅमिनारिनने (विरघळणाऱ्या बीटा-ग्लुकॅनने) डेक्टिन-१ ब्लॉक करणार असाल तर आधी ते एकटं टाकून बघा, काही लॉट स्वतःच पेशींना जागं करतात.

कॅल्शियम ओढून घेणाऱ्या ईडीटीएचा कंट्रोल सगळीकडे चालत नाही हेही लक्षात असू द्या. डीसी-साइन या साखर ओळखणाऱ्या दुसऱ्या रिसेप्टरला साखर धरायला कॅल्शियम लागतं, डेक्टिन-१ ला लागत नाही.

आणि मिंकल या आणखी एका रिसेप्टरसाठी टीबीच्या जंतूचं टीडीएम वापरणार असाल तर ते थेट मीडियात ओतू नका, मेणचट लिपिड आहे ते, पाण्यात नीट मिसळणारच नाही. आयसोप्रोपेनॉलमध्ये घेऊन वेलच्या तळाला वाळवा, पूर्ण वाळलं की मगच पेशी सोडा, आणि शेजारी नुसतं आयसोप्रोपेनॉल वाळवलेली वेल ठेवायला विसरू नका.