व्हेंटिलेटरवरचा पेशंट रेफर करताना या चुका टाळा

बीडहून संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, सिरीयस पेशंट हलवताना वाटेत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं गाडी सुटायच्या आधीच टाळता येतं.

सगळ्यात जिवावर बेतते ती ऑक्सिजनच्या हिशेबातली चूक. सिलेंडर भरलेला दिसला म्हणजे तो पुरेल असं नाही. भरलेल्या बी टाइप सिलेंडरात साधारण 1500 लिटर असतात. मिनिटाला 10 लिटर लागले, तर 150 मिनिटांत खेळ खलास. रस्ता सुमारे 130 किलोमीटरचा. प्रवासाला तीन तास धरा. म्हणजे 1800 लिटर, आणि सोबत दुप्पट न्यायचा: 3600. भरलेले तीन सिलेंडर लागतात. सिलेंडरची चावी गाडीत आहे ना, हे स्वतः बघा. ती वॉर्डात राहिली तर भरलेला सिलेंडरही उपयोगाचा नाही.

गाडीतलं व्हेंटिलेटर थेट गाडीतच जोडू नका. वॉर्डातच 10-15 मिनिटं त्यावर ठेवा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) आणि बीपी टिकतंय का बघा. श्वासनलिकेत घातलेली ट्यूब ओठाशी कितीवर आहे ते रेफरच्या कागदावर लिहा. पुरुषांत साधारण 23 सेंटिमीटर, बायकांत 21. स्ट्रेचर चढवताना ट्यूब धरणाऱ्याला दुसरं कुठलंच काम सांगू नका.

वाटेत सॅच्युरेशन उतरलं की अलार्म बंद करून सेटिंग चाळत बसतात. आधी व्हेंटिलेटर काढा, ऑक्सिजन जोडलेली अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावा. बॅग सहज दबली, छाती वर आली, सॅच्युरेशन चढलं, तर दोष मशीनचा किंवा सर्किटचा, म्हणजे त्याच्या नळ्यांचा. बॅग घट्ट लागतेय? ट्यूब दुमडलीय, चावलीय की कफाने बुजलीय, ते सक्शन कॅथेटर (कफ ओढायची बारीक नळी) घालून कळतं. छातीची एकच बाजू उचलतेय आणि ओठाशी आकडा वाढलाय, तर ट्यूब आत सरकलीय. आकडा तोच, एका बाजूला हवा जात नाही आणि बीपी कोसळतंय, तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) धरून डॉक्टरांनी तिथेच सुईने हवा काढावी. एक्स-रेसाठी थांबायला वेळ नसतो.

फवारणीचं औषध (कीटकनाशक) प्यायलेल्या पेशंटची नाडी वाढली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, की त्यावरचा उतारा, म्हणजे ॲट्रोपीन, थांबवलं जातं. ही चूक आपल्याकडे फार होते. छाती ऐका. घरघर गेली, फुप्फुसं कोरडी झाली, नाडी आणि वरचं बीपी दोन्ही 80 च्या वर, तर डोस पुरेसा. एका ॲम्पूलमध्ये बहुधा 0.6 मिलिग्रॅमच असतं. सोबत पाच-सहा देऊन भागत नाही, डबाच द्या.

नॉरॲड्रेनॅलिनची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) संपत आलेली सिरिंज वॉर्डातच बदला. त्याचा असर काही मिनिटांत ओसरतो. सिरिंजमधलं औषध सोडणाऱ्या पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज हवी. आणि त्याच लाइनमधून दुसरं इंजेक्शन ढकलू नका. नळीतलं औषध एकदम आत जाऊन बीपी उसळतं.