कठीण दिवसांत उपकारस्तुती कशी करावी

घरात दीर्घ आजारपण असताना किंवा कबरस्तानातून आपण नुकतेच परतलेलो असताना "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा", म्हणजे देवाचे आभार माना, हे बायबलमधले वचन कोणी ऐकवले, तर ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले हे वचन (५:१८) वाचताना त्यातल्या सप्तमीकडे लक्ष द्यावे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल 'स्थितीत' म्हणतो, 'स्थितीबद्दल' म्हणत नाही. कर्करोगाबद्दल किंवा बुडालेल्या पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची सक्ती येथे नाही. त्या दुखण्यात असतानाही जे मिळाले ते ओळखावे, एवढेच मागितले आहे. (पौलाच्या इफिसकरांस पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असे शब्द आहेत खरे, पण तेथे बोलणे मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी, एकत्र गायच्या स्तोत्रांविषयी चालले आहे.)

म्हणून सुरुवात आभारांनी करू नये, तक्रारीने करावी. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र उघडावे. ते अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्याच्या आरंभी 'कोठवर?' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो; परमेश्वराने केलेल्या उपकारांचा उल्लेख थेट शेवटच्या वचनात होतो. ते मोठ्याने वाचून झाल्यावर आपले स्वतःचे 'कोठवर' आपल्या घरच्या बोलीत, प्रार्थनेची ठरावीक भाषा बाजूला ठेवून, देवापुढे मांडावे. आपल्याकडे रडगाणे म्हणजे अविश्वास असे अनेकांना वाटते. तसे असते तर स्तोत्रसंहितेचा मोठा भाग गाळावा लागला असता.

त्यानंतर एक वही घ्यावी. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी मुलीच्या शाळेच्या वहीतली उरलेली पाने वापरली होती. पहिले चार दिवस मी रोज "देवाची कृपा" एवढेच लिहिले आणि त्या शब्दांनी माझ्या मनात काहीही हलले नाही. पाचव्या दिवशी लिहिले : "शेजारच्या मावशींनी सकाळी सहाला भाकरी आणि पिठले आणून दिले; बाबांनी चतकोर खाल्ली." ही नोंद मला आजही आठवते. तेव्हा नोंदीत माणूस, वेळ आणि वस्तू असावी. दिवसाला एकच नोंद पुरे, पण ती त्याच दिवसाची असावी. झोपण्यापूर्वी लिहिणे सोयीचे, कारण रात्री चिंता वाढते आणि हाताला काम हवे असते.

दर रविवारी आठवड्याच्या नोंदी १३६ व्या स्तोत्राच्या चालीवर वाचाव्यात. त्या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचे पालुपद येते. जगाची निर्मिती, इस्राएल लोकांची मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, आणि अखेरीस सर्वांच्या पोटाला मिळणारे अन्न, असा त्याचा क्रम आहे. एवढ्या मोठ्या इतिहासात रोजच्या जेवणालाही जागा आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. घरातल्या एकाने नोंद वाचावी आणि इतरांनी पालुपद म्हणावे. लहान मुले यात चटकन सामील होतात. मोठ्यांना थोडा संकोच वाटतो, तो दोनतीन रविवारांत जातो.

आपल्या मंडळ्यांत संकट टळल्यावर घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवण्याची आणि पाकिटातून दान देण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे, परंतु संकट टळण्याची वाट पाहू नये. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली, ती धरले जाण्याच्या रात्रीच. दानाचेही तसेच. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणून केडगावात आसरा दिला. आपल्याला एवढे जमणार नाही. पण वहीत ज्यांचे नाव वारंवार येते त्यांच्या घरी डबा परत करताना तो रिकामा देऊ नये, इतके जमते.

काही दिवशी लिहायला काहीच सापडणार नाही. त्या दिवशी ओढूनताणून नोंद करू नये. ८८ वे स्तोत्र वाचावे. ते अंधारातच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मग वहीत फक्त तारीख घालावी, पुढची ओळ कोरी सोडावी आणि दिवा मालवावा.