मोत्यांची वेल कुंडीत कशी वाढवावी आणि जपावी

'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' या नावाने मिळणारी वेल लोकांच्या घरी येते ती तिच्या लोंबत्या माळांमुळे, आणि पुष्कळदा मरते तीही आपण केवळ त्या माळांकडेच पाहत राहिल्यामुळे. वाटाण्याएवढे दिसणारे हिरवे गोल दाणे म्हणजे या वेलीची पानेच होत. त्यांत पाणी साठवलेले असल्यामुळे मुळे कुजून गेल्यावरही माळा काही दिवस टवटवीत दिसत राहतात, आणि त्या कोमेजू लागतात तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते. कुंडीच्या तोंडाशी, जिथून सगळ्या माळा फुटतात, त्या भागाला आपण या लेखापुरते 'माथा' म्हणू. ही वेल सांभाळायची म्हणजे तो माथा सांभाळायचा.

असे का, हे तिच्या मूळ ठिकाणी पाहिले की कळते. क्युरिओ रोलेयानस हे तिचे आजचे शास्त्रीय नाव असून जुन्या पुस्तकांत आणि रोपांच्या पाट्यांवर ती सेनेसिओ रोलेयानस या नावाने आढळते. गॉर्डन रोली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून तिला हे नाव मिळाले. कूळ सूर्यफुलाचे, आणि मायदेश दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप हा प्रांत. तेथील कोरड्या भागांत ती झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाने जमिनीवर सरपटत जाते, आणि जिथे पेर, म्हणजे पान फुटते ती खोडावरची गाठ, मातीला टेकते तिथे नवी मुळे धरते. म्हणजे लोंबणे हा तिचा स्वभाव नसून आपण तिला लावलेले वळण आहे. जमिनीवर पसरलेल्या वेलीला पाणी पिण्याच्या शंभर जागा असतात. टांगलेल्या कुंडीतल्या वेलीचा सगळा भार माथ्याखालच्या दोन-चार सेंटिमीटर मातीवर येतो. तेवढी जागा सडली की हातभर लांबीच्या सगळ्या माळा एकदमच तुटतात.

पानाची रचनाही या कोरड्या मुलखाला साजेशी आहे. तेवढेच पाणी साठवायचे असेल तर गोल आकाराला सर्वांत कमी पृष्ठभाग लागतो, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. पण पृष्ठभाग कमी म्हणजे उजेड घ्यायला जागाही कमी. यावर तोड म्हणून प्रत्येक दाण्यावर एक अर्धपारदर्शक उभी पट्टी असते आणि तिच्यातून उजेड दाण्याच्या आतल्या हरित पेशींपर्यंत पोहोचतो. ही पट्टी लक्षात ठेवावी, कारण पाणी द्यायचे की नाही हे ठरवताना ती उपयोगी पडते.

उजेडाबाबत सर्वांत जास्त चूक होते ती कुंडी टांगण्याच्या उंचीत. माळा खिडकीसमोर छान दिसाव्यात म्हणून कुंडी छताजवळ टांगली जाते. मग माळांना उजेड मिळतो, पण माथा खिडकीच्या चौकटीच्या वर, अंधारात राहतो. तिथली माती वाळत नाही, नवे फुटवे येत नाहीत आणि वर्षभरात माथ्यावर टक्कल पडते. कुंडीचे तोंड खिडकीच्या वरच्या काठापेक्षा बरेच खाली असावे आणि खिडकीतून येणारा उजेड थेट मातीवर पडावा, अशा बेताने ती टांगावी. शक्य असल्यास पहिले वर्षभर ती टांगूच नये, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावी. माथा दाट झाल्यावर टांगायला कोणाची हरकत नाही. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि उरलेला दिवस भरपूर पण थेट न पडणारा उजेड तिला मानवतो. दुपारचे प्रखर ऊन, विशेषतः काचेतून येणारे, दाण्यांना भाजून काढते. भाजलेला दाणा तपकिरी पडून सुकतो आणि पूर्ववत होत नाही. सावलीतून उन्हात न्यायचे असल्यास दोन आठवडे हळूहळू सवय करावी. दोन दाण्यांमधले अंतर वाढत चालले आणि नवे दाणे बारीक येऊ लागले, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे.

कुंडी उथळ हवी, आणि भाजलेल्या मातीची असल्यास उत्तम. या वेलीची मुळे वरच्या थरातच पसरतात, म्हणून 8 ते 10 सेंटिमीटर खोली पुरते. खोल कुंडीत तळाची माती मुळांच्या आवाक्याबाहेर ओली राहते आणि तिथूनच कुजण्याला सुरुवात होते. तळाला भोक असलेच पाहिजे. माती काठापासून जेमतेम सेंटिमीटरभर खाली येईल इतकी भरावी, कारण अर्धवट भरलेल्या कुंडीत माथ्याभोवती सावली आणि कोंडलेली हवा राहते. मिश्रणासाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व गांडूळखत यांचे मिश्रण, दोन भाग पर्लाइट किंवा प्यूमिस (हलके, सच्छिद्र दगडी कण) आणि एक भाग धुतलेली भरड वाळू हे प्रमाण चांगले चालते. बारीक वाळू मात्र घालू नये. ती पोकळ्या बुजवते. तळाशी खडे किंवा खापराचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो ही समजूत फार जुनी आहे, पण ती खरी नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, त्या सीमेवर अडून राहते. म्हणजे खडे घालून आपण ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरेसा आहे.

आता पाण्याविषयी, ज्यावर या वेलीचे जगणे-मरणे ठरते. नियम दोनच: द्यायचे तेव्हा पोटभर द्यावे, आणि पुन्हा देण्याआधी माती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण त्याने फक्त माथा ओला राहतो आणि खालची मुळे तहानलेली राहतात. उन्हाळ्यात साधारण दहा ते चौदा दिवसांनी आणि थंडीत तीन-चार आठवड्यांनी पाणी लागते. पण दिनदर्शिकेपेक्षा वेलीला विचारलेले बरे. कुंडी उचलून पाहावी. कोरडी कुंडी आश्चर्य वाटावे इतकी हलकी लागते. मग दोन बोटांत एक दाणा हलकेच दाबावा. तो टणक असेल तर पाणी नको. तो किंचित दबत असेल, त्याची कातडी सैल वाटत असेल आणि ती पारदर्शक पट्टी अरुंद होऊन आत ओढल्यासारखी दिसत असेल, तर पाण्याची वेळ झाली आहे.

पाणी शक्यतो खालून द्यावे. पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात कुंडी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी आणि नंतर उचलून पूर्ण निथळू द्यावी. यात मुळांना हवे तेवढे पाणी मिळते आणि माथा बराचसा कोरडा राहतो. केवळ खालूनच पाणी देत राहिल्यास क्षार वरच्या थरात साठतात, म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या वेळी माळा बाजूला सारून वरून भरपूर पाणी सोडावे आणि ते तळातून वाहू द्यावे. हे काम सकाळी करावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत माथा वाळतो. बशीत साठलेले पाणी ओतून टाकण्यास विसरू नये.

एक फसवी खूण येथे नीट समजून घेतली पाहिजे. दाणे सुरकुतले म्हणजे वेल तहानली, असे मानून आपण पाणी घालतो. पण मुळे कुजली असतील तरीही दाणे सुरकुततातच, कारण माती ओली असूनही ते पाणी वर पोहोचवणारे कोणी उरलेले नसते. माझी पहिली वेल मी अशीच घालवली: ती सुकते आहे असे वाटून दर दोन दिवसांनी मोठ्या मायेने पाणी घातले. म्हणून सुरकुतलेला दाणा दिसला की आधी बोट मातीत घालून पाहावे. माती कोरडी आणि दाणा सुरकुतलेला, तर तहान; माती ओली आणि दाणा सुरकुतलेला, तर सड. दाणे मऊ, पाणचट व पिवळट होऊन गळू लागले किंवा फुगून फुटू लागले, तर पाणी निश्चितच जास्त झाले आहे.

तापमानाची तिची फारशी तक्रार नसते. 18 ते 27 अंश सेल्सिअस तिला सुखाचे वाटते, 10 अंशांच्या खाली ती नेऊ नये, आणि हिमकडाका तिला मुळीच सोसत नाही. खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने पुरते. थंडीत देऊ नये. थंडीचे काही आठवडे गारवा, कोरडेपणा आणि उजेड मिळाला तर तिला ब्रशासारखी लहान पांढरी फुले येतात. त्यांना दालचिनी आणि लवंग यांची आठवण करून देणारा वास असतो. फूल दिसायला साधे, पण वासासाठी कुंडी जवळ घ्यावी असे.

माथ्यावर टक्कल पडले असेल तर उपाय वेलीच्या स्वभावातच आहे. लांब झालेल्या एक-दोन माळा न कापता उचलून मातीवर वेटोळे करून ठेवाव्यात आणि केसांच्या पिनांनी किंवा वाकवलेल्या तारेने अलगद टेकवाव्यात, जेणेकरून पेरे मातीला चिकटून राहतील. काही आठवड्यांत पेरांपासून मुळे फुटतात आणि पुढे तिथूनच नवे फुटवे येऊ लागतात. नवी कुंडी करायची असल्यास 8 ते 10 सेंटिमीटरचे निरोगी तुकडे कापून, कापलेले टोक एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मग तेही असेच आडवे, ओलसर मिश्रणावर पसरावेत. उभे खोचलेले तुकडेही लागतात, पण आडव्या तुकड्याची कितीतरी पेरे एकाच वेळी मुळे धरतात आणि कुंडी लवकर भरते. मुळे धरेपर्यंत मात्र वरचा थर हलका ओला ठेवावा लागतो; कोरडेपणाचा नियम त्यानंतर लागू होतो. कुंडी बदलताना गळून पडलेले सुटे दाणे फेकवत नाहीत हे खरे, पण नुसत्या दाण्यापासून वेल होण्याची आशा धरू नये. सोबत पेर असलेला खोडाचा तुकडा हवा.

कीड फारशी येत नाही, पण आली तर बहुधा पिठ्या ढेकूण येतो आणि दाण्यांच्या देठाशी कापसासारखा चिकटून बसतो. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून काढावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. फुलांच्या दांड्यांवर मावा दिसल्यास दांडी कापून टाकणे सर्वांत सोपे. कुंडीभोवती बारीक चिलटे उडू लागली, तर ती माती फार काळ ओली राहत असल्याची सूचना असते.

ही वेल खाण्यात गेल्यास विषारी आहे. मांजर किंवा कुत्र्याने ती चावल्यास लाळ गळणे, उलटी, जुलाब असा त्रास होऊ शकतो, आणि लहान मुलांना हे दाणे खरोखरच वाटाणे वाटतात; तेव्हा माळांची टोके त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी वेळोवेळी छाटावीत. तिच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत.

आणि माथा कुजलेलाच सापडला तर मुळे वाचवण्यात वेळ दवडू नये. माळा उचलून त्यांच्या टोकाकडून माथ्याकडे बोटांनी चाचपत यावे. खोड जिथवर हिरवे आणि टणक लागते त्याच्या दोन सेंटिमीटर अलीकडे, म्हणजे टोकाच्या बाजूला, स्वच्छ कात्रीने कापावे. जुनी माती टाकून द्यावी, कुंडी साबणाने धुऊन उन्हात वाळवावी, नवे मिश्रण भरावे आणि वाचलेले तुकडे त्यावर आडवे पसरून पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावे.