पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच

जोडलेला कॉम्प्युटर असा वागला तर लगेच मदरबोर्ड (सगळे भाग जोडायचा मुख्य बोर्ड) गेला म्हणू नका. मी आधी मॉनिटरची केबल बघतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डातच हवी. बरेचदा मदरबोर्डला खुपसलेली सापडते. मग प्रोसेसरजवळची ८ पिनची वायर. २४ पिनची मोठी सगळे आठवणीने लावतात, ही कोपऱ्यातली राहून जाते. पंखे तरीही फिरतात, म्हणून फसायला होतं.

खरा घोळ बहुतेकदा रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा. पॉवर सप्लाय (वीज पुरवणारा डबा) बंद करा, वायर काढा, केसचं बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. आता एकच रॅम ठेवा, शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. 'टक' वाजलं म्हणजे बसली असं नाही, दोन्ही टोकं नीट बघा. नाही चाललं तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही. रॅम डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेवढा धीर धरा.

बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे बारीक दिवे असतील तर सोन्याहून पिवळं: जो पेटून राहिला, तिथे घोडं अडलंय.

गेम खेळतानाच बंद पडतो? तापमान बघा. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढलीत ना? ते ठीक असेल तर माझा संशय पॉवर सप्लायवर. तो उघडायचा नाही. आतले वीज साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देतात. कुणाचा तरी चालू सप्लाय लावून बघा, पण केबलीही त्याच्याच वापरा. दिसायला सारख्या असल्या तरी पिनांची जुळणी वेगळी असू शकते.