फूल कापून कुल कसं ओळखावं: कप्पे मोजू नका, बीजांड कुठे चिकटलंय ते पाहा

'पाकळ्या तीन असतील तर एकबीजपत्री, पाच असतील तर द्विबीजपत्री.' हा सल्ला देणाऱ्याने सीताफळाचं फूल कधी हातात घेतलेलं नसावं. तीनच जाड पाकळ्या, पण बी रुजवा, बीजपत्रं दोन निघतात. 'पानात शिरांचं जाळं दिसलं की द्विबीजपत्री' हा त्याचाच धाकटा भाऊ. घोटवेलीच्या पानात छान जाळं असतं आणि ती एकबीजपत्री आहे. पाकळ्या आणि पानं झाडाचं रूप सांगतात. नातं, म्हणजे ते कुठल्या कुलातलं (नात्यातल्या वनस्पतींच्या गटातलं) हे सांगतो तो अंडाशय, म्हणजे फुलाच्या पोटातला तो हिरवट फुगीर भाग. त्याच्यात बीजांडं, म्हणजे पुढे बिया होणारे दाणे असतात. लोक नेमका तोच न कापता फूल ओळखायला बसतात.

१. काय तोडून आणायचं

निदान तीन उमललेली फुलं, एक मोठी कळी, एक कोवळं फळ आणि पानांसकट डहाळी. एका फुलावर काम भागवू नका, कारण ते उभं कापलंत तर आडवं कापायला काही उरत नाही.

दुहेरी पाकळ्यांची फुलं आणू नका. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग मोजणार काय? आणि सूर्यफुलाचं 'एक फूल' आणलंत तर शेकडो फुलं आणलीत हे लक्षात असू द्या. तिथली प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र फूल आहे आणि मधल्या चकतीतला एकेक ठिपकाही. कापायचा तो ठिपका, सगळी चकती नव्हे.

२. मुळात फूल आहे का?

सायकस दिसायला ताडामाडाच्या वळणाचं, पण ते अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बियांचं. त्याच्या मादी झाडाच्या शेंड्याशी तपकिरी लवदार पानासारखे अवयव असतात आणि त्यांच्या कडांना बीजांडं उघडी लागलेली असतात. वरून झाकण नाही, म्हणजे अंडाशय नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये हाच फरक नेमका दाखवला: पाइन आणि सायकसच्या गटात बीजांड उघडं असतं, सपुष्प वनस्पतींत ते बंद पेटीत असतं. शंकू किंवा उघडी बीजांडं दिसली तर पुढचं सगळं सोडून द्या, ही रीत त्यांच्यासाठी नाही.

३. निदलं आणि पाकळ्या

निदलं म्हणजे पाकळ्यांखालची, सहसा हिरवी, पानं. दोन्ही मोजा, जोडलेल्या की सुट्या ते पाहा आणि कळी आडवी कापून पाकळ्या एकमेकींवर कशा येतात ते टिपा. झालं.

४. पुंकेसर

संख्या मोजा आणि ते कशाला चिकटलेत ते पाहा. जास्वंदीत सगळ्यांची मिळून नळी झालेली असते आणि स्त्रीकेसराचा दांडा तिच्यातून वर येतो. वाटाण्यात नऊ जोडलेले असतात आणि दहावा सुटा. अशा खुणा सोन्यासारख्या. पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. लिनीअसने १७३५ मध्ये मांडलेली पद्धत मुख्यतः पुंकेसरांच्या मोजणीवर उभी होती. तिच्यात पाच पुंकेसर आणि एक कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) एवढ्या साम्यावर धोतरा आणि कॉफी एकाच खणात जाऊन बसले. दोघांचे अंडाशय कापले की ही जोडी मोडते. धोतऱ्याचा अंडाशय पाकळ्यांच्या वर आणि बीजांडांनी गच्च भरलेला, कॉफीचा पाकळ्यांच्या खाली आणि कप्प्यागणिक एकच बीजांड.

५. पहिला काप उभा

देठापासून कुक्षीपर्यंत, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकापर्यंत, फूल उभं चिरा. प्रश्न एकच: पाकळ्या आणि पुंकेसर अंडाशयाच्या खालून निघतात की वरून? खालून निघत असतील तर अंडाशय ऊर्ध्वस्थ, डोक्यावरून निघत असतील तर अधःस्थ. पुष्पसूत्रात, म्हणजे फुलाची रचना अक्षरांत लिहितात त्यात, स्त्रीकेसरासाठीच्या जी (G) या अक्षराच्या खाली रेघ म्हणजे ऊर्ध्वस्थ, वर रेघ म्हणजे अधःस्थ. ही रेघ उलटी मारणारे मी इतके पाहिलेत की आता पहिली नजर तिथेच जाते. रेघ पाकळ्यांची जागा दाखवते, अंडाशयाची नव्हे, असं मनाशी धरलंत की चूक होणार नाही.

बागेत लिली म्हणवणाऱ्या फुलांवर ही खूण वापरून बघा. खऱ्या लिलीचा अंडाशय पाकळ्यांच्या आत, वर असतो. हिपिअ‍ॅस्ट्रमचा पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकाशी हिरव्या गाठीसारखा दिसतो. त्यावरून एक लिलिएसीत, दुसरं अ‍ॅमॅरिलिडेसीत. (हल्ली कांदाही अ‍ॅमॅरिलिडेसीत धरतात आणि त्याचा अंडाशय ऊर्ध्वस्थ आहे. म्हणजे या खुणेवर सगळा भार टाकायचा नाही.)

६. दुसरा काप आडवा, आणि इथेच सगळे घसरतात

इथे मी दोन वर्षं चुकत होते, म्हणून इथे थांबणार आहे.

आधी हत्यार. दाढीचं नवं पातं घ्या. जुन्या पात्याने अंडाशय कापला जात नाही, चेंगरला जातो, आणि चेंगरलेल्या अंडाशयात हवं ते दिसतं: पडदे नसलेल्या जागी पडदे, कप्पे नसलेल्या जागी कप्पे. पातं पाण्यात बुडवून ओलं करा आणि एकाच ओढीत स्वतःकडे ओढा. करवतीसारखं पुढेमागे करू नका, वरून दाबू नका. अंडाशय बारीक असेल तर गाजराच्या तुकड्याला चीर देऊन तिच्यात तो उभा बसवा आणि गाजरासकट कापा.

'जितका पातळ काप तितका चांगला' हे इथे साफ विसरा. पातळ काप ऊतींच्या अभ्यासासाठी. कुल ओळखताना पातळ कापाचं नुकसानच होतं. तो गुंडाळतो, त्यातली बीजांडं गळून पडतात आणि उरलेल्या रिकाम्या चाळणीकडे बघून तुम्ही अंदाज बांधत बसता. अंडाशयाचे सरळ दोन तुकडे करा आणि कापलेल्या तोंडाकडे दहापट भिंगातून पाहा. भिंग डोळ्याला लावायचं आणि तुकडा भिंगाजवळ आणायचा, उलट नाही.

आता माझी फजिती. धोतऱ्याचा अंडाशय मी बुडाशी कापला. चार कप्पे स्वच्छ दिसले. चार कप्पे म्हणजे चार स्त्रीकेसरदलं (ज्या पानासारख्या भागांच्या जुळणीतून अंडाशय बनतो ते, थोडक्यात दलं) असं लिहून मोकळी झाले आणि चार दलांचं कुल शोधत अख्खी दुपार घालवली. कुक्षीला दोनच पाळ्या आहेत हे समोर दिसत होतं, पण मी कप्प्यांवर विश्वास ठेवला. धोतऱ्यात स्त्रीकेसरदलं दोनच असतात. खालच्या भागात एक खोटा पडदा उगवतो आणि दोन कप्प्यांचे चार करतो. तोच अंडाशय शेंड्याजवळ कापला असता तर दोनच दिसले असते. त्याच दुपारी हात न धुता डोळा चोळला आणि एका डोळ्याची बाहुली कितीतरी वेळ विस्फारलेली राहिली. धोतरा विषारी आहे. कापल्यावर हात साबणाने धुवा, पातं पुसा.

तेव्हापासून माझा नियम असा: काप एक नाही, तीन. बुडाशी, मध्ये आणि शेंड्याजवळ. तिन्ही जुळले तरच वहीत लिहायचं.

आणि कप्पे मोजायचे ते सर्वांत शेवटी. आधी एकेक बीजांड धरून त्याचं देठ कुठे चिकटलंय ते शोधा. जास्वंदीत पाच कप्पे असतात आणि प्रत्येकातली बीजांडं मधल्या खांबाला लागलेली असतात. हा अक्षीय बीजांडन्यास, म्हणजे बीजांडांची मांडणी. वर कुक्षीही पाच, सगळं जुळतं. म्हणून शिकवताना जास्वंदच पुढे केली जाते आणि म्हणूनच शिकणारा पुढे फसतो. मोहरीत मधोमध पडदा दिसतो, दोन कप्पे दिसतात. आपण अक्षीय म्हणून मोकळे होतो. पण बीजांडं पडद्याच्या मध्यावर नसतातच. पडदा जिथे बाहेरच्या भिंतीला टेकतो त्या कडेला ती लागलेली असतात. म्हणजे न्यास भित्तीय आणि पडदा खोटा. काकडी याहून वस्ताद. तिच्यात भिंतीवरून निघालेल्या तीन उशा मधोमध येऊन भेटतात आणि तीन कप्प्यांचा देखावा उभा करतात. एका बीजांडाचा माग काढत गेलात तर बोट परत भिंतीकडेच जातं. कार्नेशनमध्ये मधला खांब असतो पण भिंतीशी जोडणारे पडदे नसतात, तो मुक्त मध्यवर्ती. वाटाण्यात एकाच शिवणीवर रांग, तो सीमांत. सूर्यफुलाच्या ठिपक्यात तळाशी एकटं बीजांड, तो तलस्थ.

स्त्रीकेसरदलं किती हे कुक्षीच्या पाळ्यांवरून ताडून पाहा, पण तेही डोळे मिटून नको. तुळशीचा अंडाशय चार फोडींचा, कुक्षीवृंत त्या फोडींच्या मधून तळातून निघतो, आणि कुक्षीला टोकं दोन. दलं दोनच. इथे कुक्षी खरं बोलते. सदाफुलीत उलटं: वर कुक्षीचा एकच गोळा, खाली अंडाशय मात्र दोन, एकमेकांपासून सुटे. इथे कुक्षीवर विसंबलात तर फसलात.

बीजांडं दिसतच नसतील तर कोवळं फळ कापा. नवाशिनने १८९८ मध्ये दाखवलं की परागनलिकेतून आलेले दोन्ही नरयुग्मक कामी येतात. एकातून भ्रूण होतो, दुसऱ्यातून त्याला पोसणारा भ्रूणपोष. हे झालं की बीजांड फुगू लागतं आणि भिंगाशिवायही त्याचं देठ दिसतं. पण फळ कोवळंच हवं. पिकलेलं फळ खोटं बोलतं. नारळात दलं तीन असतात, बी मात्र एकच वाढतं. करवंटीवरचे तीन डोळे तेवढी साक्ष देतात.

७. कुलाशी मेळ

हातात आता तीन उत्तरं आहेत: अंडाशय वर की खाली, दलं किती, बीजांडं कुठे. दोन दलं, ऊर्ध्वस्थ, फुगीर अक्षावर पुष्कळ बीजांडं, पाकळ्या जोडलेल्या: सोलॅनेसी, धोतऱ्याचं कुल. दोन दलं, खोटा पडदा, चार सुट्या पाकळ्या, चार लांब आणि दोन आखूड पुंकेसर: ब्रॅसिकेसी, मोहरीचं. तीन दलं, अधःस्थ, भित्तीय, नर-मादी फुलं वेगळी, वेल: कुकुर्बिटेसी, काकडीचं.

बेंथम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ दरम्यान मांडलेली रचना याच खुणांवर उभी आहे. जोडपाकळ्यांच्या एका मालेचं (उपगटाचं) तर नावच दोन दलांवरून बायकार्पेलेटी आहे. २०१६ची एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाची) रचना डीएनएवर आधारलेली आहे आणि तिच्यात ४१६ कुलं आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव नव्याशी जुळलं नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. आधी ते पुस्तक कुठली रचना पाळतं ते बघा.

कापलेले तुकडे फेकू नका. ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत ठेवा आणि तारीख-जागा लिहिलेली चिठ्ठी आतच टाका. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि मग वर्षभराने तुमच्याकडे निळ्या पाण्यात तरंगणारा निनावी अंडाशय उरतो.