टीव्हीवर यंत्र घेऊन निघण्याआधी

पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे पूर्ण अर्जाआधीचा तात्पुरता अर्ज, शोधाची तारीख पक्की करणारा. तयारीच्या यादीत हा पहिला, आणि पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. शार्क टँक इंडिया असो की तसलाच दुसरा कार्यक्रम, यंत्र गुंतवणूकदारांसमोर उघडून दाखवायचं असेल तर त्याआधी हा अर्ज दाखल झालेला हवा. नुसता शूटिंगच्या आधी नाही. फॉर्मसोबत व्हिडिओ पाठवायच्या आधी, प्रदर्शनात स्टॉल लावायच्या आधी, बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायच्याही आधी.

माझं पुरण यंत्र मोटरवर चालतं. जाळीवर फिरणारं पातं एका बाजूने डाळ दाबतं आणि दुसऱ्या बाजूने साल खरवडून बाहेर टाकतं, त्यामुळे दर दोन वाट्यांना थांबून जाळी धुवावी लागत नाही. पात्याचा तो वाकडा कोन हीच माझी नवी गोष्ट, बाकी यंत्र कुणालाही सुचेल असं आहे. तीन वर्षं घातली त्यात. ते जमलं त्या आनंदात मी गौरी-गणपतीच्या आधीच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला, पातं काढून हातात घेऊन बायकांना समजावलं, मुलीने त्याचा व्हिडिओ केला आणि यूट्यूबवर टाकला. चौदा महिन्यांनी एका कार्यक्रमात मी गुंतवणूकदारांसमोर उभी होते. त्यांनी पुरण चाखलं, खूश झाले, आणि मग एकाने विचारलं, “अर्जाचा नंबर काय? तारीख काय?” मी म्हटलं, आता करणार आहोत. त्याने फोनवर माझाच व्हिडिओ शोधला, त्यावरची तारीख वाचली आणि फोन खाली ठेवला. पुढचं सगळं बोलणं शिष्टाचाराचं होतं.

कारण नीट समजून घ्या. भारतात पेटंट कायदा १९७० चा आहे आणि त्याची पहिली अट नावीन्य ही आहे. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही लोकांसमोर आली असेल तर ती नवी राहत नाही. ती तुम्ही स्वतः दाखवलीत म्हणून सूट मिळत नाही. मला लोक सांगायचे, “प्रदर्शनात दाखवलं तर वर्षभराची सवलत असते.” असते, कलम ३१ मध्ये. पण त्यासाठी ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं असावं लागतं आणि अर्ज १२ महिन्यांच्या आत करावा लागतो. आपल्या तालुक्यातलं प्रदर्शन त्यात बसत नाही, यूट्यूब बसत नाही, टीव्ही तर नाहीच नाही. आज माझ्या पात्याचा कोन कुणीही बनवू शकतं. मी फक्त नंतर सुधारलेल्या जाळीच्या चिमट्यासाठी अर्ज करू शकले, कारण तो तेवढा कुणाला दाखवला नव्हता.

आणि खर्च किती? व्यक्तीच्या किंवा स्टार्टअपच्या नावावर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. कागदावर नेऊन दिला तर १,७५०. आपल्या भागाचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण जायची गरज नाही. पेटंटचा एजंट लावलात तर त्याची फी वेगळी. प्रोव्हिजनल अर्जात दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागताय ती वाक्यं, लिहावे लागत नाहीत, वर्णन आणि आकृत्या पुरतात. मी प्रदर्शनाच्या स्टॉलसाठी फ्लेक्सवर याहून जास्त पैसे घातले होते. हे लिहिताना अजूनही हात थांबतो माझा.

मात्र वर्णन हात राखून लिहू नका. “डाळ गाळण्याचे सुधारित यंत्र” एवढं लिहून काही मिळत नाही, कारण तारीख फक्त लिहिलेल्या गोष्टीला मिळते. पात्याचा कोन किती ते किती अंशांपर्यंत चालतो, स्टीलऐवजी दुसरं काय वापरता येईल, पातं उलटं बसवलं तर काय होतं, सगळं घाला. जुन्या ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्यात, प्रत्येक आपापलंच काम करत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. तेव्हा जोडल्यामुळे नवीन काय घडतं ते स्पष्ट लिहा. शेतीची अवजारं करणाऱ्यांनो, यंत्राला पेटंट मिळू शकतं, शेती करण्याच्या पद्धतीला नाही. अर्जाआधी पेटंट कार्यालयाच्या साइटवर आणि गूगल पेटंट्सवर दोन संध्याकाळी शोध घ्या. फुकट आहे.

फॅब्रिकेशनवाल्याचं काय, हेही आत्ताच. माझं पातं एमआयडीसीतल्या एका दादांनी वाकवून दिलं. कोन माझा होता म्हणून वाचले. त्यांनी सुचवला असता तर संशोधक म्हणून त्यांचंही नाव अर्जात घालावं लागलं असतं, आणि ते योग्यच असतं. तुमच्याकडे तसं असेल तर नाव घाला आणि हक्क कुणाचा हे स्टँपपेपरवर लिहून घ्या. त्यांना ड्रॉइंग देण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही घ्या. ओळखीचे आहेत म्हणून लाजू नका. अर्ज तुमच्या नावावर आहे की कंपनीच्या, हा प्रश्न हमखास येतो. पैसा कंपनीत येणार आणि शोध तुमच्या नावावर राहणार, तर गुंतवणूकदार नेमकं काय विकत घेतोय?

आता कंपनी. डिसेंबर २०२१ मध्ये सोनीवर शार्क टँक इंडियाचा पहिला सीझन आला तेव्हापासून ‘इक्विटी’, म्हणजे कंपनीतला हिस्सा, हा शब्द घरोघरी पोचलाय, पण इक्विटी द्यायला आधी शेअर असावे लागतात. मालकीच्या धंद्यात शेअर नसतात, भागीदारीत नसतात, एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) सुद्धा नसतात. प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या किंवा निदान सीएशी बोलून किती दिवस लागतील ते पक्कं माहीत ठेवा. नवरा, दीर, मैत्रीण, ज्यांनी ज्यांनी पैसे घातलेत त्यांचा हिस्सा कागदावर आणा. घरातल्या माणसांशी हे बोलणं जड जातं. कॅमेऱ्यासमोर त्याहून जड जाईल.

आकडे. यात मी पूर्ण नापास नव्हते, पण पासही नव्हते. यंत्र ४,२०० ला विकतो, २,१५० ला पडतं, म्हणजे जवळजवळ निम्मा नफा, असं मी घरी म्हणायचे. ते चूक होतं. ४,२०० मधून १८ टक्के जीएसटी काढला की हातात ३,५५९ राहतात. दुकानदाराचे ७०० गेले, २,८५९. बनवायचा खर्च गेला, ७०९. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे १८०, वॉरंटीत येणाऱ्या दुरुस्तीचे सरासरी १००. उरले ४२९. ही वजाबाकी झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजे, कारण ती समोरची माणसं मनातल्या मनात तुमच्याआधी करतात. मूल्यांकनाचंही तसंच. ८ टक्क्यांना ४० लाख मागितलेत की कंपनी ५ कोटींची आहे असं तुम्ही म्हणताय. वर्षाची विक्री १८ लाख असेल तर पाच कोटी कुठून आले याचं उत्तर तयार ठेवा. “भविष्यात खूप स्कोप आहे” हे उत्तर नाही. अर्जाचा क्रमांक हातात असता तर माझ्याकडे निदान एक खरं उत्तर असतं.

कुठपर्यंत खाली यायचं ते घरी ठरवून जा. पहिल्याच सीझनमध्ये मालेगावकडचे कमलेश घुमरे हाताने ढकलायची फवारणी गाडी घेऊन गेले होते. तिथल्या गुंतवणूकदारांपैकी पियुष बन्सल यांनी त्यांना ४० टक्क्यांसाठी १० लाख आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केलं. आपल्याला तसं कुणी म्हटलं तर? कर्ज फेडायचं असतं, इक्विटी परत मिळत नाही, आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतून गुंतवणूकदाराला द्यायची रक्कम, दर नगामागे जाते. माझ्या ४२९ रुपयांतून प्रत्येक यंत्रामागे १०० रुपये रॉयल्टी गेली तर मी दुरुस्तीचा माणूस ठेवू शकत नाही. तिन्ही प्रकारचे हिशोब वहीत मांडा, नवऱ्याला किंवा बहिणीला गुंतवणूकदार बनवून भांडा. समोर कोण बसतं तेही बघून ठेवा. चष्मे विकणारा, सौंदर्यप्रसाधनं विकणारी, पुण्याच्या औषध कंपनीतल्या नमिता थापर, प्रत्येकाचे प्रश्न वेगळ्या बाजूने येतात. तुम्हाला दुकानांची साखळी हवी की कारखाना चालवायचा अनुभव हवा, त्याप्रमाणे कुणाकडे वळायचं ते ठरवा.

व्हिडिओ पाठवलात? अर्ज केला होता ना? नसेल तर थांबा. पाठवू नका. फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्या असेल तर आज रात्री वर्णन लिहा. ऑनलाइन अर्जाला डिजिटल सही लागते, तिला एक-दोन दिवस जातात, म्हणून ती आधीच काढून ठेवा. आणि जुने व्हिडिओ, रील, स्टेटस तपासा. मुलांच्या फोनमधलेसुद्धा.

प्रात्यक्षिकाबद्दल मला खूप सांगता येईल, कारण हे मी चांगलं केलं. स्टुडिओत एसी इतका जोरात असतो की शिजलेली डाळ अर्ध्या तासात घट्ट होते, आणि गूळ घातलेलं पुरण तर गोळाच होतं. घट्ट पुरणात पाव एचपीची मोटर घुरघुरते, पट्टा घसरतो, आणि लोकांना वाटतं यंत्र वाईट. म्हणून डाळ नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त, येळवणी पूर्ण काढायची नाही, थोडी मागे ठेवायची, आणि दोन हॉटकेसमध्ये भरून चादरीत गुंडाळायची. तुमचा नंबर सकाळी सांगितला असला तरी संध्याकाळी लागू शकतो, म्हणून जवळपास गॅस किंवा इंडक्शन मिळेल का ते आधी फोन करून विचारा. मी ओळखीच्यांच्या घरी कुकर लावला होता आणि मुलीला रिक्षाने ये-जा करायला लावलं होतं. दुसरं यंत्र सोबत ठेवा, अख्खं, चालू स्थितीतलं. जादा पट्टा, फ्यूज, अ‍ॅलन की, मोठ्या पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड. पुसायला सुती फडकी, भरपूर. चाखायला वाट्या, वर तुपाची धार. तुमचं यंत्र पाणी उपसणारं किंवा धूळ उडवणारं असेल तर टब आणि ताडपत्री लागेल, ते तुमचं तुम्ही बघा. आपल्या हाताला सवय असलेलंच यंत्र तिथे चालवा. रंग चांगला दिसतो म्हणून नवं कोरं नेऊ नका, त्याचा आवाज तुम्हाला ओळखीचा नसतो.

यंत्र उघडून पातं दाखवायचा क्षण येतो तिथे टाळ्या पडतात. तोच क्षण तुमचा शोध जगासमोर ठेवतो. त्या क्षणाच्या मागे एक तारीख आणि एक क्रमांक उभा असला पाहिजे. आणि क्रमांक असला तरी “आमचं पेटंट आहे” असं म्हणू नका. अर्ज झाला म्हणजे पेटंट मिळालं नाही. मिळालेलं नसताना तसं सांगणं कायद्याने दंडाला पात्र आहे. “अर्ज केलाय, अमुक तारखेला,” इतकंच म्हणा. ते पुरतं.

बोलणं. पहिल्या दीड मिनिटात कुणाचा कोणता त्रास वाचतो ते सांगा, मग यंत्र चालू करा. हिंदी अडखळत असेल तर रोज अर्धा तास मोठ्याने. पाठ केलेलं भाषण पहिल्या प्रश्नाला कोसळतं, मुद्दे पाठ करा. नऊवारी नेसायची तर नेसा, पण पदर खोचून, मोटरजवळ काम आहे.

कपडे, तिकिटं, आधार कार्ड: कळतं तुम्हाला.

कार्यक्रमाचा करार सही करण्याआधी वाचा, समजलं नाही तर वकिलाला दाखवा. कंपनीचे कागद, जीएसटीची विवरणपत्रं, बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट, आणि अर्जाची पावती, एका फाइलमध्ये. पावतीचा फोटो फोनमध्येही.

डील झाली तर पैसे लगेच येत नाहीत. आधी कागद तपासतात, महिने जातात, काही डील तिथेच मोडतात. नवीन शेड भाड्याने घेऊ नका अजून. डील नाही झाली तरी भाग प्रसारित होतो आणि फोन वाजायला लागतो. अमेरिकेत दाराच्या घंटीचा कॅमेरा बनवणारा जेमी सिमिनॉफ २०१३ मध्ये तिथल्या शार्क टँकमधून डीलशिवाय परतला, २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने त्याची कंपनी घेतली. तेव्हा पन्नासेक यंत्रं तयार, वेबसाइट चालू, ऑर्डर लिहून घ्यायला एक माणूस.

आणि प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज गेला नाही तर पहिला अर्ज सोडून दिला असं धरतात. महिला अर्जदाराला किंवा स्टार्टअपला जलद तपासणी मागता येते, तीही तेव्हाच बघा. ही तारीख बरोबर ऑर्डरींच्या धांदलीत येते. कॅलेंडरवर आत्ताच लाल पेनाने लिहा, दोन महिने आधीची तारीख टाकून.