अननसाची चव हवी, लगदा नको: घरच्या शेगडीवर पोर्क स्टेक कसे भाजावेत

स्टेक म्हटले की बहुतेकांना गोमांस आठवते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस मिळते आणि त्यातला ‘अंडरकट’ मऊही असतो, परंतु त्यात चरबी जवळजवळ नसल्यामुळे निखाऱ्यावर तो पाहता पाहता कोरडा पडतो. म्हणून अननस, नारळ, लिंबू आणि मिरची या आपल्या हवेतल्या चवींचे स्टेक घरी भाजायचे असतील, तर मी पोर्कच्या मानेचा भाग घेते. त्यात चरबीच्या बारीक रेषा आतपर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे आच थोडी कमीजास्त झाली तरी मांस रसाळ राहते.

दुकानदाराकडून मानेचे, बिनहाडाचे, अडीच सेंटीमीटर जाडीचे काप करून घ्यावेत. तो सवयीने विंदालूचे चौकोनी तुकडे करायला लागतो, तेव्हा सुरी चालण्यापूर्वीच सांगितलेले बरे. सेंटीमीटरभर जाडीचे पातळ काप घेऊ नयेत, कारण बाहेरून रंग येईपर्यंत ते आतून सुकून गेलेले असतात.

अडीचशे ग्रॅमच्या चार कापांसाठी एक मध्यम पिकलेला अननस, आठ लसूणपाकळ्या, बोटभर आले, भिजवून वाटलेल्या चार ब्याडगी मिरच्या, चमचाभर भरडलेली मिरी, दोन चमचे किसलेला गूळ, एका लिंबाची किसलेली साल आणि रस, नारळाचे पहिले घट्ट दूध अर्धी वाटी आणि १२ ग्रॅम मीठ एवढे साहित्य लागते. गोव्यात माडाच्या सुरेपासून करतात ते व्हिनेगर घरी असेल तर त्याचाही एक चमचा घालावा. नसेल तर त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

आता ज्या टप्प्यावर बहुतेक पाककृती वाचकाला फसवतात, त्याकडे वळू. ‘ताज्या अननसाच्या रसात मांस रात्रभर मुरवत ठेवा, ते लोण्यासारखे मऊ होते’ हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासाने दिलेला असतो, की तो देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाळून पाहिला आहे याची मला शंका येते. ज्याने तो पाळला आहे, त्याला सकाळी डबा उघडल्यावर काय दिसते हे ठाऊक असते. मांसाचा वरचा थर करडा आणि बुळबुळीत झालेला असतो, बोट फिरवले की तो खरवडून हातात येतो, आणि काप उचलावा तर कडा तुटून खाली पडतात. विशेष म्हणजे तोच काप मधोमध चिरून पाहिला, तर आतले मांस जसेच्या तसे घट्ट असते. म्हणजे बाहेर लगदा, आत काहीच बदल नाही, आणि ‘लोण्यासारखे मऊ’ कुठेच नाही. हा टप्पा मलाही बरेच दिवस छळत होता. त्यामागचे कारण नीट समजल्यावरच तो सुटला.

कारण असे, की कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. आपल्या स्वयंपाकघरात त्याची ओळख आपल्याला नकळत झालेली असते. ताजा अननस चिरून दह्यात किंवा श्रीखंडात घातला की थोड्या वेळाने ते कडवट लागू लागते आणि पातळ होते, ते याच एन्झाइममुळे. दुधातली प्रथिने तुटली की कडू चवीचे तुकडे तयार होतात. म्हणूनच अनुभवी गृहिणी कोशिंबिरीत घालायचा अननस आधी साखरेत शिजवून घेतात. मांसावर हे एन्झाइम अगदी तसेच काम करते, मात्र ते वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे फारसे शिरत नाही. त्यामुळे वेळ वाढवला तर मऊपणा खोल जात नाही, फक्त वरचा थर अधिकाधिक नासतो.

दुसरी गोष्ट याहून कमी लोक लक्षात घेतात. फ्रीजमधल्या थंडीत ब्रोमेलेन मंदावते, पण थांबत नाही. मांस शेगडीवर चढून तापू लागले, की ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते सर्वांत जोराने काम करते आणि ७० च्या पुढे गेल्यावरच निकामी होऊ लागते. म्हणजे मंद आचेवर सावकाश भाजणाऱ्याचे नुकसान अधिक होते. खाली दिलेली भाजण्याची पद्धत नेमकी मंद आचेची असल्यामुळे कच्चा रस तिच्याबरोबर अजिबात चालत नाही.

उपाय सोपा आहे आणि मी त्याबाबत तडजोड करत नाही: रस आधी उकळावा. अननस सोलून निम्मा मिक्सरमधून काढावा, गाळून साधारण ३०० मिलिलीटर रस घ्यावा आणि त्यात ठेचलेले लसूण, आले व गूळ घालून तो स्टीलच्या पातेल्यात आटवायला ठेवावा. लोखंडी कढई इथे नको. आंबट रस तिच्यात काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. आले याच वेळी घालण्यालाही कारण आहे, कारण त्यातही प्रथिने तोडणारे एन्झाइम असते, अननसाइतके आक्रमक नसले तरी. उकळी आली की पिवळसर फेस वर येतो, तो काढून टाकावा. पुढे कच्च्या रसाचा तो नाकात चढणारा आंबट वास जातो आणि अननसाचा शिरा होत असताना येतो तसला वास घरभर सुटतो. रस एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १०० मिलिलीटर उरला की गॅस बंद करून त्यात मिरच्यांचे वाटण, मिरी, लिंबाची साल आणि व्हिनेगर मिसळावे. लिंबाचा रस मात्र आता घालू नये, तो भाजून झाल्यावर वरून पिळण्यासाठी ठेवावा.

डब्यातल्या अननसाचा रस वापरला तर लगदा होत नाही, असे काहीजण सांगतात आणि ते खरे आहे. डबाबंद करताना फळ तापवलेले असल्याने त्यातले ब्रोमेलेन आधीच मेलेले असते. फक्त त्या पाकाच्या साखरेमुळे मांस करपते, तेव्हा तो घेतलाच तर गूळ वगळावा. गोठवलेल्या अननसाला मात्र हे लागू नाही. गोठवल्याने एन्झाइम मरत नाही. कच्ची पपई कितीही जणांनी सुचवली तरी स्टेकला लावू नये. तिच्यातले पपेन उष्णतेला ब्रोमेलेनपेक्षाही अधिक वेळ टिकते. खिम्याच्या कबाबात, जिथे सगळे मिश्रण एकजीव मऊच हवे असते, तिथे तिचे काम आहे. दाताखाली मांसाचा धागा जाणवायला हवा तिथे नाही. आणि ज्यांना कच्चा रसच वापरायचा आहे, त्यांनी तो तीस मिनिटांपेक्षा अधिक ठेवू नये आणि नंतर मांस धुऊन, पुसून मगच शेगडीवर चढवावे.

रस पूर्ण थंड झाल्यावर त्याचा निम्मा भाग वेगळ्या वाटीत काढून त्यात नारळाचे दूध मिसळावे आणि ती वाटी फ्रीजमध्ये ठेवावी. कच्च्या मांसाचा हात किंवा चमचा तिला लागता कामा नये. नारळाचे दूध सुरुवातीपासूनच मांसाला चोळण्याची शिफारस अनेकजण करतात, ती मला पटत नाही. त्यातली चरबी आणि साखर निखाऱ्यावर ठिबकते, भडका उडतो, आणि मांसावर बसणारी काजळी खोबऱ्याच्या चवीपेक्षा कितीतरी जास्त जाणवते.

कापांना मीठ सर्व बाजूंनी चोळून अर्धा तास ठेवावे, मग उरलेला रस लावून झाकलेल्या काचेच्या भांड्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. मांसात खोलवर जाते ते मीठ, बाकीचा मसाला बव्हंशी वरच राहतो. म्हणून मीठ नंतर वरून शिंपडून भागत नाही.

शेगडी गच्चीवर किंवा अंगणात, उघड्यावरच पेटवावी. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत कोळसा पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडी कोळसा घ्यावा आणि त्यावर रॉकेल ओतू नये. निखाऱ्यांवर राखाडी थर चढेपर्यंत अर्धा तास जातो, तोवर मांस फ्रीजमधून बाहेर काढून ठेवावे.

सर्व निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. गोडसर रसात मुरलेले मांस थेट निखाऱ्यावर ठेवले, तर गूळ दोन मिनिटांत काळा होतो आणि आतले मांस कच्चे राहते. म्हणून आधी शिजवणे आणि शेवटी रंग आणणे हाच क्रम ठेवावा. कापांवरचा ओला मसाला कागदी रुमालाने टिपून घ्यावा. चव वाया जाईल या भीतीने लोक हे टाळतात, पण पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही आणि भाजल्याचा खमंग रंग त्याच्या बऱ्याच पुढे येतो. मग काप निखारे नसलेल्या बाजूच्या जाळीवर ठेवून झाकावेत. शेगडीला झाकण नसेल तर मोठे जुने पातेले पालथे घालावे, फक्त एका कडेला बोटभर फट ठेवावी, म्हणजे निखारे विझत नाहीत. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत मांसाच्या मध्यभागी ५५ अंश होतात. हे बोटाने दाबून ओळखता येते असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यायला सांगते.

आता काप थेट निखाऱ्यांवर आणून दर मिनिटाला उलटत राहावे. एकदाच उलटावे हा नियम कुणी केला कोण जाणे. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या भाजतात आणि गूळ करपत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत वाटीतला नारळाचे दूध मिसळलेला रस ब्रशने लावावा. मध्यभागी ६८ अंश झाले की काप उतरवावेत, पाच मिनिटे ताटात ठेवले की ते ७० च्या वर जातात. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये पोर्कच्या अखंड कापांसाठी ६३ अंश आणि तीन मिनिटांचा विसावा पुरेसा मानला. त्याआधी ते ७१ सांगत असत. तिकडच्या मराठी वाचकांनी ६३ खुशाल पाळावे. इथे डुक्कर कुठे आणि कसे पाळले होते हे आपल्याला बहुधा माहीत नसते आणि फीतकृमीचा धोका खरा असतो, तेव्हा मी ७० च्या खाली थांबत नाही. मानेचा भाग तेवढी आच सहज सोसतो.

उरलेल्या अर्ध्या अननसाच्या जाड चकत्या त्याच जाळीवर दोन्ही बाजूंनी पट्टे उठेपर्यंत भाजाव्यात. रस उकळताना गेलेला फळाचा ताजेपणा त्या परत आणतात. वरून लिंबू पिळावे, सोबत पोई किंवा साधा पाव आणि मीठ लावलेला कांदा द्यावा.

गच्ची नसेल तर बिडाचा तवा चालतो. मांस आधी १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ५५ अंशांपर्यंत न्यावे आणि मग धूर येईपर्यंत तापवलेल्या तव्यावर रंगवावे. ओव्हनही नसेल तर तव्यावरच झाकण ठेवून अगदी मंद आचेवर शिजवून शेवटी आच वाढवावी. धुराचा वास त्यात येणार नाही, आणि तो आणण्यासाठी बाटलीतला द्रव धूर घालू नये. मांस मुरवलेल्या भांड्यात उरलेला रस फेकून द्यावा, किंवा सॉस म्हणून हवाच असेल तर खळखळून दोनतीन मिनिटे उकळल्याशिवाय ताटात घेऊ नये.